टायपिस्टबाईंची सनद

८ जानेवारी

आज सनद हातात पडली. वय पंचेचाळीस, केस निम्मे पांढरे, आणि मी नवीकोरी वकील! आमच्या ह्यांनी सनदेचा कागद चष्मा काढून वाचला, चष्मा घालून वाचला, मग खिडकीपाशी उजेडात धरून पुन्हा वाचला. चष्म्याच्या दुकानात उभा जन्म गेलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट एकदा बघून पटत नाही. शेवटी म्हणाले, "हो, तूच आहेस." लेकीला हॉस्टेलवर फोन केला, तर ती बहुधा पलंगावर उभी राहून नाचली असावी. मागून कुणीतरी "अगं मोडेल तो!" म्हणून ओरडलं.

ही वही मी मलाच बक्षीस म्हणून घेतली. अठरा वर्षं वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून काढली. रोज पानंच्या पानं लिहिते, पण साहेब सांगणार आणि मी उतरवणार. माझ्या मनातलं एक वाक्य त्यात असेल तर शपथ. आता ह्या वहीत मनाला येईल ते लिहिणार.

उद्या साहेबांना सांगायचं, मला ज्युनिअर म्हणून घ्या. नाही म्हणायचं काही कारणच नाही. वकिलीच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घालायला त्यांनीच तर मला भरीला घातलं होतं.

९ जानेवारी

नाही म्हणाले.

१० जानेवारी

काल पुढे लिहायचा धीर झाला नाही. आज लिहिते.

साहेबांनी सनद बघितली. बराच वेळ चष्मा पुसत बसले. "छान," म्हणाले. मी म्हटलं, "मग आता मला तुमच्याच हाताखाली घ्या ना." त्यांनी समोरची फाइल उघडली, पान उलटलं आणि मान वर न करता म्हणाले, "इथे नाही."

"का पण?"

"इथे तुम्ही टायपिस्ट आहात, बाई. दुसरीकडे शोधा. आणि लवकर शोधा."

अठरा वर्षांत मी ह्या माणसाची औषधं वेळेवर दिली, पक्षकारांचे फोन परतवले, बायको गेली तेव्हा महिनाभर साहेबांच्या डब्याची सोय बघितली. आणि हे फळ! पंच्याहत्तरीला टेकले तरी तोंडात गोड शब्द नाही. मी मुकाट्याने मशीनपाशी जाऊन बसले आणि एक अर्ज टाइप केला. घरी येऊन कांदा चिरताना रडून घेतलं, म्हणजे ह्यांना कळायला नको. ह्यांना कळलंच. म्हणाले, "आज कांदा चिरायचाच नव्हता ना?"

१६ जानेवारी

साहेबांना महिने सांगताना हमखास गडबड होते. डोक्यात बरोबर असतं, तोंडातून भलतंच येतं. मेचा मार्च होतो, जूनचा जानेवारी. मी मूळ कागद बघते आणि टाइप करतानाच गुपचूप दुरुस्त करते. कधी बोलून दाखवलं नाही. कशाला उगाच?

आज त्यांच्या लक्षात आलं. "इथे मी ऑगस्ट सांगितला होता. एप्रिल कसा झाला?"

"एप्रिलच आहे, साहेब. पावतीवर बघा."

त्यांनी पावती बघितली. "मग मला सांगितलं का नाही?"

"दुरुस्त केलं ना मी."

"सांगितलं का नाही?" टेबलावर हात आपटला. चहा बशीत सांडला.

त्यांची चूक काढलेली त्यांना लागली, दुसरं काय. मोठ्या माणसांना हे सहन होत नाही. मी सांडलेला चहा पुसला.

२३ जानेवारी

आज पहिली मुलाखत. मोठं ऑफिस, चोहीकडे काचा, आत कोण जांभई देतंय ते बाहेरून दिसतं. मुलाखत घेणारा वकील माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. फार सभ्य मुलगा. म्हणाला, "मॅडम, मी एक प्रसंग सांगतो. ऐका, आणि तुम्ही काय सल्ला द्याल ते सांगा."

तो सांगायला लागला. आई वारली, घर कुणाच्या नावावर, मृत्युपत्रावर साक्षीदार एकच, धाकटा मुलगा परगावी. आणि मी काय केलं? पर्समधून पेन्सिल काढली, समोरचा कागद ओढला आणि शॉर्टहँडमध्ये शब्द न् शब्द उतरवून घेतला! तो थांबल्यावर मी मान वर करून विचारलं, "पुढे?"

तो कागद बघून म्हणाला, "हे तुम्ही सगळं घेतलंत?" मी अभिमानाने म्हटलं, "स्वल्पविरामासकट." जीभ चावली, पण तोवर उशीर झाला होता. त्याने आतून आणखी दोघांना बोलावून तो कागद दाखवला. ते खूश. सध्या मिळतो त्यापेक्षा बराच जास्त पगार देऊ म्हणाले. स्टेनोचा.

सल्ला कुणी विचारलाच नाही. मला येत होता हो! एका साक्षीदारावर ते मृत्युपत्र टिकणार नाही, हे मी जिना उतरताना स्वतःला अगदी मुद्देसूद सांगितलं.

२४ जानेवारी

साहेबांना कालची गंमत सांगितली. वाटलं, हसतील. हसले नाहीत. खालच्या टायपिंगच्या दुकानात फोन लावला आणि म्हणाले, "आजपासून माझं सगळं टायपिंग तुमच्याकडे."

मी विचारलं, "मग मी काय करायचं?"

"फाइल वाचायची. मग मिटायची. आणि मला इथे उभं राहून सांगायचं, काय भानगड आहे ती. कागद हातात न घेता." असं म्हणून माझ्या कानावरची पेन्सिलसुद्धा काढून घेतली आणि स्वतःच्या खणात टाकली.

कळतं मला. थेट काढून टाकायला तोंड होत नाही, म्हणून आधी काम काढून घ्यायचं. माणूस आपणहून जातो मग.

२ फेब्रुवारी

खालच्या दुकानातलं टायपिंग म्हणजे नुसता सावळागोंधळ. "प्रतिवादी"च्या जागी "प्रतिनिधी", समास डावीकडे की उजवीकडे ते पानागणिक बदलतं. साहेब बसून एकेक चूक लाल पेनाने काढतात. मान अवघडते त्यांची, दिसतं मला. मी न राहवून हात पुढे केला तर म्हणाले, "बोट लावायचं नाही." अठरा वर्षांचं माझं काम, आणि मला बोट लावायची बंदी.

रोज मला उभं करतात ते वेगळंच. मी फाइलीतलं सांगायला लागले की कानाला हात लावून, "ऐकू येत नाही. मोठ्याने." परत सांगितलं की, "अजून ऐकू येत नाही." आज मी जवळजवळ ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे "हं" म्हणाले. मला काळजी वाटते, कान तपासून घ्यायला हवेत. चहावाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतो तेव्हाच साहेबांना तो आल्याचं कळतं, मग माझंच कसं ऐकू येत नाही कोण जाणे.

९ फेब्रुवारी

दुसरी मुलाखत. दोघे भाऊ, दोघेही वकील, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतात आणि एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. "ह्याला सांगा, दावा मीच चालवणार." "त्याला सांगा, मग फी पण तूच वसूल कर." माणसं चांगली आहेत. ज्युनिअर म्हणून घ्यायला तयार आहेत. फक्त मध्ये मध्ये, सवड असेल तेव्हा, थोडं टायपिंग.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, घेते ही नोकरी. कुठवर वणवण करू?

"तुला हवी ती आहे का?" ह्यांनी विचारलं.

"निम्मी आहे."

"आमच्या दुकानात एका डोळ्याचा चष्मा मिळत नाही," म्हणाले, आणि गाडी पुसायला खाली निघून गेले. असा राग येतो कधीकधी ह्या माणसाचा, आणि त्या रागातच जाऊन गळ्यात पडावंसं वाटतं.

दोघा भावांना नकार कळवला.

१७ फेब्रुवारी

आणखी तीन ठिकाणी जाऊन आले. एकाने वय विचारलं आणि मग चहा विचारला. एकाने सनद बघून "हौस म्हणून केलंत का?" असं प्रेमाने विचारलं. तिसऱ्याने ओळखलं मला. "अरे, तुम्ही त्यांच्या टायपिस्टबाई ना? तुमचं काम बघितलंय, काय सुंदर असतं!" पुढे काय म्हणाला असेल ते लिहीत नाही.

मला भीती वाटायला लागली आहे. आपण खरंच टायपिस्टच आहोत आणि सनद हा घरात लावायचा फोटो आहे, असं मनात येतं. लेकीशी फोनवर बोलताना हसत होते. ती म्हणाली, "आई, तू खोटं हसतेस तेव्हा आधी खोकतेस." कार्टी.

२४ फेब्रुवारी

ह्यांच्या दुकानात एक वकीलबाई चष्मा करायला आल्या होत्या. त्या फळ्यावरची अक्षरं वाचत असताना आमच्या ह्यांनी माझी सगळी कर्मकहाणी त्यांना ऐकवली. डोळे तपासून घ्यायला बसलेलं माणूस उठून जाऊ शकत नाही, हे ह्यांना पक्कं ठाऊक आहे. बाई म्हणाल्या, पाठवा उद्या.

२५ फेब्रुवारी

मॅडमचं ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. कपाटं इतकी, की माणसांनी आडवं होऊन चालायचं. आवाज खणखणीत. मी बसते न बसते तोच त्यांनी एक फाइल पुढे सरकवली. "वाचा. मी तोवर फोन करते."

मी वाचली. त्यांचा फोन संपला. "हं, बोला."

हात पेन्सिलीकडे जायला लागले. मी ते दोन्ही मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसले. मग फाइल मिटून, बघून न बघितल्यासारखं करून, सांगायला लागले. आणि काय सांगू, सगळं क्रमाने येत गेलं. त्या मध्येच आडवं विचारत होत्या, मी उत्तरं देत होते. एकदा तर "नाही, तसं नाही, मॅडम" असंसुद्धा म्हणाले. मागाहून लक्षात आलं, मी भलतीच मोठ्याने बोलत होते. साहेबांच्या कानांमुळे वाईट खोड लागली आहे मला.

"हात का दडवलेत?" त्यांनी शेवटी विचारलं.

मी खरं कारण सांगितलं. त्या इतक्या हसल्या, की नवा चष्मा काढून ठेवावा लागला.

२७ फेब्रुवारी

मिळाली! ज्युनिअर वकील. पुढच्या महिन्यापासून. पगार कमी आहे, पण हुद्दा पूर्ण आहे.

आणि आता जे लिहिणार आहे ते लिहितानासुद्धा पेन कागदात रुततंय. मॅडमनी साहेबांना फोन करून माझी चौकशी केली होती. साहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, "ठेवा त्यांना. फक्त टायपिंगचं काम चुकूनही देऊ नका. टायपिस्ट म्हणून अगदी टाकाऊ आहेत. ओळीगणिक चुका."

ओळीगणिक! माझ्या! साहेबांच्या निम्म्या केसेस माझ्या स्वच्छ प्रतींवर उभ्या आहेत. मॅडम हे हसत हसत सांगत होत्या, त्यांना वाटलं मलाही गंमत वाटेल. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ह्यांच्या. "मोठा माणूस आहे तुझा साहेब," म्हणे! मी दोन तास ह्यांच्याशी बोलले नाही.

२८ फेब्रुवारी

साहेबांना जाब विचारला. "मी चुका करते?"

"करत असाल."

"कधी? एक दाखवा."

"मला वाद घालायला वेळ नाही," असं म्हणाले, आणि मग मान वर करून अगदी बारकाईने माझ्याकडे बघत राहिले, जसं काही मी अजून बोलावं अशीच वाट बघत होते. मी बोलले. अठरा वर्षांचं सगळं बोलले. उभ्याने, कागद हातात न घेता. ते एकदाही "ऐकू येत नाही" म्हणाले नाहीत.

माझं संपल्यावर म्हणाले, "कोट शिवून घ्या. उसना घालू नका, खांद्यात बसत नाही." आणि ऑफिसची किल्ली ठेवून जायला सांगितलं. निरोप असा. दारातून वळून बघितलं तर ते खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. माणूस आहे की दगड?

तरी जिन्यात रडू आलं. दगडाचीही सवय होते.

१९ मार्च

कोट छान बसलाय. कोर्टात पहिल्यांदा तोंड उघडलं. काम एवढंच, की पुढची तारीख मागायची. मिळाली. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तारीख अशी मागितलीत, जशी काही मालमत्ता मागताय." हे काही टाकून बोलणं नव्हतं.

११ जून

साहेब आज कोर्टाच्या व्हरांड्यात दिसले. बारीक झालेत. काखेत फायली, मागे कुणी नाही. नवी टायपिस्ट अजून ठेवली नाही म्हणे. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. राग अजून गेला नाही माझा. पण त्यांच्या कोटाची बाही विटलेली दिसली, ते काही डोक्यातून जाईना.

५ ऑक्टोबर

बेकरीवाल्या बाई आल्या होत्या. मालक दुकानाची जागा रिकामी करून मागतोय. कोर्टात दावा लावलाय आणि ताबडतोब ताबा द्या असा अर्जही केलाय. अर्जाची सुनावणी उद्या. आधीच्या वकिलाने ऐनवेळी हात वर केले, म्हणून धावतपळत आमच्याकडे. भट्टी बंद झाली तर घर कसं चालवू, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मॅडमची उद्या दुसऱ्या कोर्टात उलटतपासणी आहे. म्हणाल्या, "तुम्ही चालवा."

मालकाचे वकील कोण, म्हणून बघितलं. साहेब.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी कोटाला इस्त्री केली. विचारलं, "घाबरलीस?" म्हटलं, "हो." म्हणाले, "मग ठीक आहे." काय ठीक आहे, ते सांगितलं नाही.

६ ऑक्टोबर

सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

साहेब आधी बोलले. काय बोलतो तो माणूस! बेकरीवाल्या बाई माझ्या मागे बसून पदराशी चाळा करत होत्या, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. साहेबांचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता. करारात सहा महिन्यांच्या नोटिशीची अट आहे. मालकाने मार्चमध्ये नोटीस दिली, सहा महिने झाले, मगच सप्टेंबरमध्ये दावा लावला. दाव्यातही तसंच छापलेलं. आमच्या बाईंना नोटीस कधी आली ते धड आठवत नव्हतं, मॅडमनी आणि मी घाईत मार्च धरूनच चाललो होतो.

साहेब "मार्च" म्हणाले आणि माझा हात आपोआप मागच्या पानांकडे गेला. अठरा वर्षांची खोड. त्यांनी महिना उच्चारला की मूळ कागद बघायचा. नोटिशीची प्रत दाव्याला जोडलेली होती. तिच्यावर मे होता.

मी पेन्सिल घेतली आणि माझ्या प्रतीत "मार्च" खोडून "मे" लिहिलं. सुवाच्य. आणि बरं वाटलं, नेहमीसारखं, की साहेबांची चूक निस्तरली.

मग कळलं, हे कुणालाच ऐकू गेलेलं नाही. कागद दुरुस्त झाला, बेकरी जायची ती जाणारच. आणि बोलले तर साहेबांची चूक चारचौघांत निघणार, ज्या माणसाचा मी एकही शब्द बाहेर चुकीचा जाऊ दिला नाही त्याची. मी तिथे असते तर हा मार्च ऑफिसच्या बाहेर पडलाच नसता. पेन्सिल खाली ठेवली.

न्यायाधीश लिहायला लागले होते. मी उभी राहिले.

"मार्च नाही," म्हटलं. आवाज भलताच मोठा निघाला. मागच्या बाकावरचा एक झोपलेला माणूस जागा झाला. "नोटीस मेमधली आहे. सोबत जोडलेली प्रत बघावी. मुदत नोव्हेंबरमध्ये संपते. दावा मुदतीआधीच लावला आहे, म्हणून हा अर्ज चालू शकत नाही."

न्यायाधीशांनी पान काढलं. साहेबांनीही काढलं, चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला. किती वेळ बघत होते. मला त्यांची विटलेली बाही दिसत होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग ते ताठ उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. जे होतं ते मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मला नाव देता येत नाही.

"माझे विद्वान मित्र बरोबर सांगताहेत," न्यायाधीशांना म्हणाले. "नोटीस मेचीच आहे."

अर्ज फेटाळला. मागे बेकरीवाल्या बाईंनी हुंदका दिला.

वकील एकमेकांना "माझे विद्वान मित्र" रोज म्हणतात. त्यात विशेष काही नाही, बोलायची रीत आहे. साहेबांच्या तोंडून ऐकून हे शब्द मी किती वेळा टाइप केले असतील, त्याला मोजदाद नाही. दर वेळी ते दुसऱ्या कुणाबद्दल असायचे.

मी उभीच होते. शेवटी न्यायाधीशांना सांगावं लागलं, "वकीलबाई, झालं आता. बसा."